कोणाचा वानोळा

पंचफुलाबाईला शेत नाही. नवऱ्याला नव्हतं, सासऱ्याला नव्हतं, बापालाही नव्हतं. तरी साखरखेर्ड्याच्या आसपास शेडनेटवाल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की मिरचीचं बी करून घ्यावं तर या बाईच्या हातानं. बी म्हणजे आपण पाकिटातून विकत आणतो ते, हायब्रीड. ते झाडावर आपोआप लागतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या हिरव्या जाळीखाली येऊन बसावं. एका बाजूला मादीची झाडं, दुसऱ्या बाजूला नराची. मादीची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं उघडायची, आतले नराचे बारीक तुरे तेवढे काढून टाकायचे आणि कळीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटातल्या अंगठीच्या खळग्यात नराच्या फुलांची भुकटी भरायची, उघड्या कळीचं टोक त्यात टेकवायचं, दोरा बांधायचा आणि पुढच्या कळीकडे वळायचं. दिवसभर मान खाली आणि अंगावर घामाच्या धारा. नव्या पोरी पहिल्या आठवड्यात निम्म्या कळ्या मोडतात. पंचफुलाबाईचा हात मात्र फार हलका. तोंड तेवढं हलकं नव्हतं. कळी मोडली की ती पोरीच्या माहेरापर्यंत पोचायची, आणि दुपारी त्याच पोरीच्या भाकरीवर आपल्या डब्यातली भाजी घालायची.

शेड होतं इंद्रभानचं. माणूस भला. कामावरच्या सगळ्यांना नावापुढे 'बाई' लावूनच हाक मारायचा आणि दुपारचा चहा घरून करून आणायचा. कंपनी त्याला नर-मादीची रोपं द्यायची, तो कंपनीला तयार बी द्यायचा. जमीन त्याची, पाणी त्याचं, हात बायांचे. पण करारात लिहिलं होतं की झाड, फूल, फळ आणि बी सगळं कंपनीचं. त्यातही नरावर फार पहारा. तयार हायब्रीडचं बी कुणी घरी धरून पेरलं तर दुसऱ्या वर्षी वेडीवाकडी झाडं येतात, त्याची कंपनीला फिकीर नसते. नराचं तसं नाही. नराच्या झाडालाही मिरच्या लागतात, आणि त्यांचं बी पेरलं की पुन्हा हुबेहूब नरच येतो, कितीही वर्षं पेरा. म्हणजे तो बाहेर गेला की कंपनीचं अर्धं वाण बाहेर गेलं.

आधी कंपनी ओळखीच्या माणसांची होती. तेव्हा बाया दुपारी नराच्या झाडाच्या दोन मिरच्या तोडून भाकरीबरोबर खायच्या आणि कुणाला काही वाटायचं नाही. पुढे ती परदेशातल्या एका बड्या कंपनीनं घेतली. तिचं गाव कोणतं हे इंद्रभानलाही धड सांगता यायचं नाही, पण नियम तिथून येऊ लागले. मिरची तोंडात घालायची नाही. क्रॉसिंगचं, म्हणजे कळ्यांना भुकटी लावायचं, काम संपलं की नराची झाडं मुळासकट उपटायची आणि खड्ड्यात पुरायची. हे सगळं नीट होतं की नाही ते बघायला देवानंद यायचा. तो कंपनीचा माणूस, पण पल्याडच्या गावचाच. बुलढाण्याला शिकला, नोकरीला लागला, आणि स्वतःच्या लग्नाच्या आधीपासून पंचफुलाबाईला मावशी म्हणायचा. आला की तिच्या घरी भाकर खाऊन जायचा.

करार देवानंदनं इंद्रभानला वाचून दाखवला होता. बायांना कुणी वाचून दाखवला नाही. त्यांना एवढंच सांगितलं, "बाई हो, इथून काही नेऊ नका."

आणि पंचफुलाबाईनं नेलं.

पण तिनं चोरी केली असं म्हणणाऱ्याला मी आधीच सांगतो, जरा थांबा आणि वानोळा म्हणजे काय ते समजून घ्या. आपल्या शेतात नवं काही पिकलं की त्यातलं पहिलं थोडं लेकीकडे, बहिणीकडे, शेजारी धाडायचं, त्याला या मुलखात वानोळा म्हणतात. हरभऱ्याचा ढाळा असो, तुरीच्या शेंगा असोत, नाहीतर दोन वांगी असोत. त्याचे पैसे नसतात. ज्या भांड्यातून येतो ते भांडं कुणी रिकामं परत करत नाही. आणि खाणारा पहिल्या घासाला विचारतोच, "कोनाचा वानोळा?" मग देणाऱ्याचं नाव सांगायचं. नाव न सांगता वानोळा खाणं म्हणजे उपकार गिळणं झालं.

पंचफुलाबाईच्या घरी दर साली दहा घरचा वानोळा यायचा. तिच्याकडून कधी कुणाकडे गेला नाही. जाणार कुठून? एकुलती लेक महामाया देऊळगाव राजाच्या बाजूला एका खेड्यात दिलेली. तिच्याकडे जाताना पंचफुलाबाई स्टँडवर केळी घ्यायची. विकतच्या केळ्यांना वानोळा म्हणत नाहीत. लेकीच्या सासूनं कधी बोलून दाखवलं नाही, पण तिनं बोलून दाखवलं नाही हेच पंचफुलाबाईला लागायचं.

एका वर्षी नराची झाडं उपटत असताना खाली पिकल्या मिरच्यांचा सडा पडला होता. लांब, अंगावर सुरकुत्या, देठाशी मानेसारख्या बारीक. वास असा की ठेचा कुटला तर चौथ्या घरी कळावं. सगळं खड्ड्यात जाणार होतं. दुसऱ्या दिवशी तिला महामायाकडे जायचं होतं. देवानंद खड्ड्याशी उभा होता, त्याची पाठ तिच्याकडे होती. पंचफुलाबाईनं जेवणाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात चार मुठी मिरच्या भरल्या आणि झाकण लावलं. या झाडांची कळी न कळी तिच्या हाताखालून गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातच्या पिकातलं काही घेऊन आपण लेकीच्या दारात जाणार, एवढंच तिच्या मनात होतं, आणि त्या आनंदात ती एसटीत खिडकीशी बसून उगाच हसत होती.

महामायानं ठेचा केला. उरलेल्या मिरच्यांचं बी तिनं मोरीच्या पाण्यावर टाकलं. रोपं आली, झाडं झाली, मिरच्या लागल्या. आईच्याच त्या स्टीलच्या डब्यात घालून तिनं थोड्या शेजारच्या सुभद्राबाईंकडे नेल्या. महामायाचं घर बौद्धवाड्याच्या टोकाला, भिंतीपलीकडे सुभद्राबाईंचं; ते भाजीपाल्याचं, पिढ्यानपिढ्या मळ्यात राबणारं. त्या घरात आजवर बौद्धवाड्यातल्या लेकी-सुना कामाला आल्या होत्या. त्यांच्या हातचा वानोळा घेऊन कुणी चुलीपर्यंत नेलेला गावानं पाहिला नव्हता. सुभद्राबाईंनी नेला. ठेचा खाऊन त्या भिंतीवरून ओरडल्या, "महामाया, बी दे वं मले! कोनाचं हाय हे?"

"माह्या मायचं," महामाया म्हणाली.

दोन वर्षांत ती मिरची गल्लीत झाली. सुभद्राबाईंच्या मळ्यात अर्धा एकर लागली. पंचफुलाबाई लेकीकडे गेली की अनोळखी बाया ओट्यावरून विचारायच्या, "पंचफुलाची मिरची म्हंतात थे तुम्हीच का हो?" जिच्या नावाचा सातबाऱ्यावर कधी एक शब्द आला नाही, तिच्या नावानं एक मिरची ओळखली जाऊ लागली. त्या दिवसांत ती कामावर पोरींना जरा कमी झापायची. असं सुख माणसाला लपवता येत नाही.

ते सुख देऊळगाव राजाच्या बाजारात जाऊन अडकलं. देवानंद कशाला तरी तिथे गेला होता. भाजीवालीनं अंथरलेल्या पोत्यावर त्यानं मिरचीचा ढीग पाहिला आणि जागीच उभा राहिला. आपलं पोर दुसऱ्याच्या दारात दिसावं तसं त्यानं ते ओळखलं. गप्प बसता आलं असतं. पण वरच्या साहेबानं ती मिरची आधी पाहिली तर पहिल्यांदा त्याचीच नोकरी जाणार होती, आणि घरात दोन लहान लेकरं होती. त्यानं ढिगातल्या एका देठाला राहिलेलं पान तपासायला धाडलं. तिकडून उत्तर आलं: नर आमचाच. आणि हा नर या भागात फक्त इंद्रभानच्या शेडात होता.

इंद्रभाननं एका पावसाळी सकाळी बायांना अंगणात गोळा केलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"मिरची कोनी नेली थे कळल्याशिवाय यंदा रोपं देत नाही म्हंतात. यंदाच नाही, पुढंही नाही," तो म्हणाला. "मी साहेबाच्या तोंडावर सांगून आलो, माह्या बायाईनं देठही नेला नाही. पन कोनाले काही ठाऊक असन तर सांगा."

धम्मशीला, जी वर्षानुवर्षं पंचफुलाबाईच्या शेजारच्या ओळीत बसत आली होती, ती म्हणाली, "आमी काऊन नेऊ भाऊ? आपल्याच पोटावर पाय देऊ का?" सगळ्यांनी माना हलवल्या. पंचफुलाबाईनंही हलवली. इंद्रभान सगळ्यांत जास्त विश्वासानं तिच्याचकडे बघत होता. ती तिथंच बोलती तर बरं झालं असतं असं आपण आरामात बसून म्हणू शकतो. ती बायांबरोबर घराकडे वळली, हे खरं.

दुसऱ्या दिवशी ती महामायाकडे गेली. हातात काही नव्हतं.

"ऐक माय, गल्लीत साऱ्याईले सांग, कोनी विचारलं तर मिरची बाजारातून आनली म्हना. माहं नाव घेऊ नका," ती म्हणाली.

महामाया आधी बघतच राहिली. मग सगळं ऐकून तिचे डोळे भरले. "काऊन आनली तू? मी मांगतली होती का?"

या प्रश्नाला पंचफुलाबाईकडे उत्तर होतं, पण ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. ती पाणी प्यायला उठली, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. सुभद्राबाईंच्या ओट्यावर कुणीतरी चहा पीत होतं. आवाज देवानंदचा होता; भाजीवालीला विचारत तो इथवर पोचला होता.

कंपनीच्या जालन्याच्या कचेरीतून एखादा साहेब आला असता तर त्यानं विचारलं असतं, हे बियाणं कुठून घेतलं? मग सगळी गल्ली मुकी झाली असती. देवानंद या मातीतला. त्यानं ठेच्याचं बोट चाटत विचारलं, "वा, काकू! कोनाचा वानोळा हा?"

आणि सुभद्राबाई सांगू लागल्या. किती आनंदानं सांगत होत्या! "आमच्या महामायाच्या मायचा. पंचफुलाबाई नाव तिचं. शेत नाही बाईले, पन हात पहा कसा! आमच्या मळ्यात इतकी वर्सं मिरची हाय, असा वास कधी आला नाही. गावात ज्याच्या-त्याच्या घरी आता पंचफुलाची मिरची हाय."

भिंतीच्या अलीकडे पंचफुलाबाई हातात तांब्या धरून उभी होती. आपलं नाव असं कुणाच्या तोंडून तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. छाती भरून आली, आणि त्याच क्षणी कळलं की हेच नाव आता कंपनीच्या कागदावर जाणार. दोन्ही खरं होतं. महामायानं तिचा हात धरून खाली बसवायला पाहिलं, "आत बस, तो जाईन." पण पंचफुलाबाईनं हात सोडवला, पदर सारखा केला आणि ती बाहेर गेली.

"घ्या!" सुभद्राबाई उठून उभ्या राहिल्या. "शंभर वर्सं आयुष्य हाय. ह्याच त्या पंचफुलाबाई!"

देवानंदचा कप ओठाशीच राहिला. नेहमीचा जयभीमही दोघांच्या तोंडून निघाला नाही.

गावाबाहेरच्या लिंबाखाली ते दोघं बोलले. देवानंद तिच्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, मले वाटलं होतं दुसऱ्या कोनाचंबी नाव निघन."

"आता निघालं. पुढं काय थे बोल."

"कायद्यात शेतकऱ्याले आपल्या शेतातलं बी ठेवता येते, पेरता येते, शेजाऱ्याले देताबी येते. पाकिटावर नाव छापून इकता येत नाही, एवढंच. पन हे तुमच्या शेतातलं नव्हतं. करारातल्या झाडाचं होतं."

"म्हंजे शेत असतं तर वानोळा," पंचफुलाबाई म्हणाली, "अन् नाही म्हून चोरी?"

देवानंदनं पायानं माती उकरली. हा प्रश्न त्याला शिकवणाऱ्या कुठल्याही मास्तरानं कधी काढला नव्हता. तो म्हणाला, "एक करता येईन. मिरची बाजारातून आली, कोनी नेली थे कळत नाही, असं मी लिहितो. सुभद्राकाकूले मी समजावतो. तुमचं नाव येत नाही."

"मंग इंद्रभानभाऊचं शेड?"

"थे बंद."

"अन् माहं नाव लिवलं तर?"

"मंग भाऊची चूक नाही म्हनतीन. शेड चालू होईन. तुमाले मात्र कोनत्याच शेडात घेनार नाहीत. इथं नाही, सिंदखेडच्या बाजूलेबी नाही. साऱ्या कंपन्या एकमेकाले सांगतात."

पंचफुलाबाईला दुसरं काम येत नव्हतं असं नाही. निंदण, वेचणी, सगळं तिनं केलं होतं. पण त्या जाळीखाली ती पंचफुलाबाई होती, बाहेर एक मजूर. ती हाताच्या बोटांकडे बघत राहिली. अंगठीनं बोटाला वळ पडला होता.

"लिही," ती म्हणाली. "पन माह्या लेकीच्या गल्लीले तरास देऊ नको."

"झाडं उपटा लागतीन, मावशी."

त्याच आठवड्यात झाडं उपटली गेली. मळ्यातली आधी, मग परसातली. कंपनीची दोन माणसं बरोबर होती. त्यांनी लोकांना काही वाईट बोललं नाही. एवढंच सांगितलं की ही मिरची चोरून आणलेली आहे आणि ती ठेवणाराही अडकू शकतो. तो शब्द गल्लीभर फिरला. सुभद्राबाईंच्या मुलानं आईला चारचौघांत विचारलं, "कोनाच्याबी घरचं घेऊन चुलीपर्यंत नेतं का माय?" त्यानंतर भिंतीवरून सुभद्राबाईंची हाक आली नाही.

इंद्रभानचं शेड चालू झालं. तो स्वतः पंचफुलाबाईच्या दारात आला, पण आत आला नाही.

"मले सांगा लागत होतं, पंचफुलाबाई," तो म्हणाला.

"सांगतलं असतं तर काय केलं असतं भाऊ?"

इंद्रभान दारातूनच परत फिरला, आणि त्या दिवसापासून रस्त्यात भेटला की तिच्याआधी त्याचीच मान खाली जाऊ लागली. सकाळी बाया शेडाकडे निघायच्या तेव्हा पंचफुलाबाईच्या घरासमोर आल्या की त्यांचं बोलणं थांबायचं. धम्मशीला एकटी तेवढी थांबून हाक मारायची, आणि लगेच पुढे चालू लागायची. त्यांची मजुरी सुरू होती ती हिच्या नावावर, हे सगळ्यांना माहीत होतं. असल्या माणसाशी बोलणं फार जड जातं.

एक दिवस महामाया आली. पिशवीतून तिनं तो स्टीलचा डबा काढला, पहिल्या वर्षी ज्यातून वानोळा गेला होता तोच. इतके दिवस तो सुभद्राबाईंकडे राहिला होता.

"काकूनं देल्ला," महामाया म्हणाली. "म्हने, भांडं रिकामं देत नाहीत."

पंचफुलाबाईनं झाकण उघडलं. आत वाळलेल्या लाल मिरच्या होत्या, काठोकाठ. तिच्याच. उपटण्याआधी सुभद्राबाईंच्या घरात वाळवून ठेवलेल्या, आता घरात नको झालेल्या. भांडं रिकामं न देण्याची रीत त्यांनी पाळली होती आणि वानोळा परत केला होता. पंचफुलाबाई रडली. शेड सुटलं तेव्हा रडली नव्हती, आता रडली, लेकीच्या समोर, तोंडावर पदर न घेता. महामाया तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

त्या मिरच्या जाळायला तिचा हात झाला नाही. दोन-चार दिवसांनी घरात दुसरं काही नव्हतं म्हणून तिनं त्यातल्या थोड्या भाजल्या, लसूण घालून कुटल्या. वास गल्लीत गेला. शेजारची पायल आली. ती नवी सून, अकोल्याकडची. पंचफुलाबाईच्या जागी तिला शेडात घेतलं होतं, आणि कळ्या मोडतात म्हणून रोज संध्याकाळी ती चिमटा धरायला शिकायला यायची. पंचफुलाबाई तिला शिकवायची. झापायची मात्र नाही.

पायलनं दारातच नाक वर केलं. "मावशी, काय वास हाय!" ती पाटावर बसली, भाकरीच्या तुकड्यावर ठेचा घेतला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. तिला बिचारीला मावशीनं काम का सोडलं ते कुणी धड सांगितलं नव्हतं. माहेरी जशी सवय होती तसं तिनं पहिल्याच घासाला विचारलं,

"कोनाचा वानोळा?"

पंचफुलाबाईनं तव्यावरची भाकर उलटली.

"बाजारातली हाय," ती म्हणाली.